जब्या लपतो, तेव्हा मुलांना काय विचाराल?

कलात्मक चित्रपट म्हटला की आपल्या घरात नाके मुरडली जातात. ना गाणी, ना मारामारी. मुलांनी त्यात काय पाहायचे? मीही असेच म्हणत असे. पण गेल्या सुट्टीत वस्तीतल्या मुलांना नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) दाखवला आणि माझे मत बदलले. चित्रपटात शिव्या आहेत, हे आधीच सांगतो. सातवी-आठवीच्या पुढच्या मुलांनाच दाखवावा, आणि तोही शेजारी बसून.

फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. शाळकरी जब्याच्या बापाकडे गावातली डुकरे पकडण्याचे काम येते. डुक्कर हाती लागणार तोच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. सगळे कुटुंब जागीच ताठ उभे राहते, डुक्कर निघून जाते. आमची मुले खदखदून हसली. हसू द्यावे. कारण थोड्याच वेळात जब्याच्या शाळेतली मुले त्याच्या घरच्यांची धावपळ पाहून तशीच हसतात, आणि आपली पोरे एकाएकी गप्प होतात. हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

तेवढ्यात जब्या वर्गातल्या मुलांना दिसू नये म्हणून आडोशाला लपतो. बाप संतापतो, मारतो. पुढे बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीवरून जातात. त्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत. कोणी काही बोलत नाही. शेवटी जब्या चिडवणाऱ्यांवर दगड भिरकावतो. शेवटचा दगड सरळ आपल्याच अंगावर येतो आणि पडदा काळा होतो.

जब्याचे काम करणाऱ्या सोमनाथ अवघडेला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हेही मुलांना जरूर सांगा. मात्र चित्रपट संपताच 'काय बोध घेतलास?' असे विचारू नका. तो परीक्षेचा प्रश्न होतो आणि पोर पाठ केलेले उत्तर देते. मी एवढेच विचारले, "जब्या का लपला?"

कोणी म्हणाले, लाज वाटली. कोणी म्हणाले, त्या मुलीने पाहिले असते. आठवीतला एक मुलगा बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, "काका, मी शाळेत सांगतो, माझे बाबा ऑफिसात आहेत."

त्याचे वडील सफाई कामगार. ते मागे दाराशीच बसले होते. ते उठून त्याच्या शेजारी येऊन बसले.