लग्नाच्या जुन्या सीडी फेकण्याआधी

आमच्या आपाचा निकाह 2005 च्या मे महिन्यात भोरला झाला. त्या काळी शूटिंगवाले लग्नाच्या दोन व्हीसीडी करून द्यायचे. पहिलीत हळद आणि निकाह, दुसरीत जेवणावळी आणि रुखसत. रुखसतीच्या वेळी अब्बांनी आपाच्या डोक्यावर हात ठेवून दुआ मागितली होती. 2011 मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. त्यांचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेही नाही.

यंदा आपाच्या मुलीचा निकाह ठरला आणि ती आम्हा भावांना म्हणाली, "मामू, नानांची दुआ मला एकदा ऐकवा ना." आपाचे सासर राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात, तोरण्याच्या पायथ्याकडे. तिच्या पत्र्याच्या पेटीत चौदा चकत्या निघाल्या: लग्नाच्या दोन व्हीसीडी, सासू-सासऱ्यांच्या हजच्या प्रवासाची डीव्हीडी, तिलावतीच्या काही सीडी, मुलांच्या शाळेतली स्नेहसंमेलने. पुण्यातल्या एका दुकानात दुसरी व्हीसीडी दाखवली. एका मिनिटात उत्तर मिळाले, "डिस्क गेली, टाकून द्या."

आम्ही टाकली नाही. पण चकती गेली आहे की ती वाचणारा ड्राइव्ह थकला आहे, हे आधी ठरवायला हवे होते. वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी पेटी असणार, म्हणून जे शिकलो ते इथे सांगतो.

डीव्हीडी ड्राइव्हमध्ये दोन प्रकारचे लेसर किरण लागतात. सीडीसाठी 780 नॅनोमीटरचा, डीव्हीडीसाठी 650 नॅनोमीटरचा. त्यामुळे एखादा ड्राइव्ह डीव्हीडी उत्तम वाचतो आणि सीडी त्याला दिसतच नाही, असे होऊ शकते. शिवाय कारखान्यात छापलेल्या चकतीवर खड्डे ठसवलेले असतात, तर शूटिंगवाल्याने कॉम्प्युटरवर लिहिलेल्या चकतीत रंगाचा थर लेसरने भाजलेला असतो. हा रंग ऊन, उष्णता आणि दमटपणाने हळूहळू बिघडतो. आपाकडे पावसाळ्याचे चार महिने पेटीतल्या कपड्यांनाही बुरशी धरते. चकत्यांची काय कथा!

म्हणून पहिली परीक्षा चकतीची नाही, ड्राइव्हची. स्वच्छ, ओरखडा नसलेली, जवळजवळ पूर्ण भरलेली एक छापील डीव्हीडी घ्यावी आणि एक छापील सीडी घ्यावी. नीरो डिस्कस्पीडसारखा प्रोग्राम चकती सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून वेगाचा आलेख काढतो. चकती आतून बाहेर वाचली जाते आणि बाहेरच्या कडेला एका फेरीत जास्त माहिती येते, म्हणून आलेख चढता असतो. 16 एक्स लिहिलेला ड्राइव्ह आत साडेसहा एक्सच्या आसपास सुरू होऊन कडेला 16 वर पोचतो. रेघ गुळगुळीत चढली तर ड्राइव्ह ठीक. चांगल्या चकतीवरही ती दातेरी झाली, मध्येच कोसळली, तर दोष ड्राइव्हचा.

एक खुलासा. डीव्हीडीचा 1 एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे 1385 किलोबाइट, आणि सीडीचा 1 एक्स म्हणजे फक्त 150. दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

प्रोग्राम नसेल तरी घड्याळ पुरे. 4.7 जीबीची भरलेली डीव्हीडी लॅपटॉपच्या 8 एक्स ड्राइव्हमधून कॉपी व्हायला नऊ-दहा मिनिटे लागतात. अर्धा तास लागला तर ड्राइव्ह अडखळतो आहे, पुन्हापुन्हा तीच जागा वाचतो आहे, असे समजावे. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह खटखट करत असेल तर आधी यूएसबीचे दुसरे तोंड वापरून पाहावे. कित्येकदा त्याला वीजच पुरत नाही.

आम्ही तीन ड्राइव्ह जमवले. जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हने डीव्हीडीचा आलेख सुरेख काढला, पण छापील सीडीसुद्धा ओळखली नाही. त्याचा सीडीकडचा लेसर गेला होता. नव्या बाहेरच्या ड्राइव्हने छापील सीडी वाचली, लिहिलेल्या सीडीवर मात्र तो अडला. शेजाऱ्यांकडून आणलेला जुना लॅपटॉप दिसायला सगळ्यांत जीर्ण. त्याने दोन्ही वाचल्या. दुकानातले एका मिनिटाचे उत्तर एकाच ड्राइव्हचे होते.

मग चकत्यांची पाळी. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून मऊ सुती कापडाने पुसल्या, तेही मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ. गोल पुसू नये. माहिती गोल रेघेत लिहिलेली असते. त्या रेघेच्या दिशेने ओरखडा पडला तर सलग मोठा तुकडा जातो. आडवा ओरखडा बारीक बारीक तुकडे खातो आणि चकतीवरच लिहिलेल्या जादा खुणांवरून ड्राइव्ह ते भरून काढतो. टूथपेस्ट चोळण्याचा उपाय कोणी सांगितला तरी करू नये.

दुसऱ्या व्हीसीडीचा आलेख सुरुवातीला नीट चढला आणि साठाव्या मिनिटानंतर खाली आला. रुखसत नेमकी तिथेच. लिहिलेली चकती बहुधा कडेकडून बिघडू लागते, आणि लग्नात रुखसत शेवटी येते! शिवाय व्हीसीडीत जास्त चित्र मावावे म्हणून साध्या डेटा सीडीतला दुरुस्तीचा एक थर काढून टाकलेला असतो. त्यामुळे ती नुसती कॉपी करू गेले की विंडोज पहिल्याच चुकीला थांबते.

आम्ही आयसोबस्टर हा प्रोग्राम वापरला. तो वाचता न येणारी जागा रिकामी सोडून पुढे जाऊ शकतो. वाचण्याचा वेग मुद्दाम कमी केला, इशा नमाजनंतर लावले ते फजरपर्यंत चालू ठेवले. हजच्या डीव्हीडीसाठी डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम चालला. तो आधी सोपे भाग उचलतो, राहिलेल्या जागांची नोंद ठेवतो, आणि तेवढेच तुकडे नंतर दुसऱ्या ड्राइव्हवर मागता येतात.

चौदापैकी अकरा चकत्या पूर्ण उतरल्या. स्नेहसंमेलनाच्या दोन सीडींचा चंदेरी थरच सोलून निघाला होता; सीडीत माहिती लेबलच्या लगेच खाली असते, त्यामुळे तिथे इलाज चालत नाही. रुखसतीत चित्र चौकोनाचौकोनांनी फुटते, आवाज दोन ठिकाणी तुटतो. दुआचे पहिले काही शब्द गेले. बाकी सगळी आहे, आमीनसकट. भाचीने ती ऐकली तेव्हा आपा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

आता घरोघरी करण्यासारखे थोडे. नवे लॅपटॉप ड्राइव्हशिवाय येतात आणि जुने ड्राइव्ह भंगारात जात आहेत, त्यामुळे चकती शाबूत असूनही वाचणारे यंत्र मिळणार नाही, अशी वेळ येईल. एखादा चालू ड्राइव्ह मोहल्ल्यात सगळ्यांनी मिळून ठेवावा. चकतीवर बॉलपेनने लिहू नये, स्टिकर चिकटवू नये. पत्र्याची पेटी भिंतीला लागून, ओलीत ठेवू नये. उतरवलेली माहिती दोन वेगळ्या जागी ठेवावी. एक प्रत मुलीच्या घरी, एक माहेरी. मोबाइल हरवला की सगळे गेले, असे व्हायला नको. आणि प्रत केल्यावर ती एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावी. फाइल दिसते म्हणजे ती उघडतेच, असे नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज ही अमानत आहे. आपल्याकडे ती सांभाळायला दिलेली आहे, पुढच्यांच्या हाती सोपवायची आहे. दुकानदाराच्या एका मिनिटावर तिचा फैसला करू नये. या रविवारी पेटी उघडा, चकत्या मोजा आणि आधी ड्राइव्ह तपासा.