बनावट आत्मकथन आणि विधिमंडळाची समिती

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधिमंडळाने १८५५ मध्ये एक संयुक्त समिती नेमली. कॅथलिक कॉन्व्हेंटांची तपासणी हे तिचे काम. (आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हटले की इंग्रजी शाळा आठवते, येथे अभिप्रेत आहे तो जोगिणींचा मठ.) समितीपुढे सिद्ध झालेला एकही गुन्हा नव्हता. होती ती वीस वर्षे लोकांच्या मनात मुरलेली काही पुस्तके.

त्यांतील सर्वाधिक गाजलेले पुस्तक मारिया मंक हिच्या नावाने जानेवारी १८३६ मध्ये न्यू यॉर्कला निघाले. मॉन्ट्रियलच्या मठात पाद्री जोगिणींवर अत्याचार करतात आणि जन्मलेल्या अर्भकांना बाप्तिस्मा देऊन ठार मारले जाते, असा त्यातील दावा होता. मारिया त्या मठात कधी नव्हतीच. ती पतित स्त्रियांच्या आश्रमात होती आणि बालपणी डोक्यात पाटीवरची पेन्सिल घुसल्यापासून तिचे चित्त ठिकाणावर नव्हते, अशी साक्ष खुद्द तिच्या आईने पुस्तक निघण्यापूर्वीच दिली होती. विल्यम स्टोन हे न्यू यॉर्कचे प्रॉटेस्टंट संपादक त्याच वर्षी मठात गेले आणि त्यांनी पुस्तकातील वर्णन खोल्या-तळघरांशी ताडून पाहिले. काहीच जुळले नाही. त्यावर समर्थकांचे उत्तर तयार होते: गवंडी लावून इमारतच बदलली! अशा युक्तिवादापुढे कोणता पुरावा टिकणार?

पुस्तकामागचे हात अधिक बोलके आहेत. लेखनाला काही पाद्रीमंडळींचे साहाय्य होते. हार्पर बंधूंनी आपले नाव टाळून नोकरांच्या नावे ते छापले. त्यांतील जेम्स हार्पर १८४४ मध्ये स्थलांतरितविरोधी पक्षातर्फे न्यू यॉर्कचे महापौर झाले. यादवी युद्धापूर्वी ३ लाख प्रती खपल्याचे सांगतात. मारियाच्या हाती जवळजवळ काहीच लागले नाही; खिसेकापूपणाच्या आरोपावरून अटक झालेली ही स्त्री १८४९ मध्ये मरण पावली.

या वाचनाला अनुकूल भूमी आयरिश स्थलांतराने तयार केली होती. स्वस्त मजूर, परका धर्म आणि लवकरच मतदार होणारा परका, ही धास्ती खरी. तिला कथानक पुस्तकांनी पुरवले. पुस्तक निघण्यापूर्वीच, ११ ऑगस्ट १८३४ रोजी, बॉस्टनजवळ चार्ल्सटाउनचा मठ अफवांवरून जमावाने जाळला होता. तेथील शाळेत शिकत होत्या त्या बहुसंख्य प्रॉटेस्टंट घरांतील मुली. एकाच आरोपीला शिक्षा झाली आणि त्यालाही माफी मिळाली. नुकसानभरपाई विधिमंडळाने वारंवार नाकारली.

याच विधिमंडळावर १८५४ च्या निवडणुकीत 'नो-नथिंग' पक्षाचा जवळजवळ एकहाती ताबा आला. विचारल्यास 'मला काही ठाऊक नाही' असे सांगण्याची सभासदांना शपथ, म्हणून हे नाव. मार्च १८५५ मध्ये त्यांची समिती, सोबत हौशी मंडळींचा लवाजमा घेऊन, रॉक्सबरीच्या कॉन्व्हेंट शाळेत शिरली. कपाटे व तळघर धुंडाळले. हाती काही लागले नाही. नंतर मद्यासह मेजवानी झाली, आणि पक्ष तर मद्यबंदीचा कैवारी!

असत्य उघडे पडले म्हणून समिती बुडाली असे मात्र नव्हे. ती बुडाली खर्चाच्या बिलांपायी. सदस्य जोसेफ हिस यांनी लोवेल येथील हॉटेलात सोबत आणलेल्या एका स्त्रीचा खर्चही सरकारी खात्यावर टाकल्याचे वृत्तपत्रांनी बाहेर काढले. सभागृहाने हिस यांचे सदस्यत्व रद्द केले. मारिया मंकचे पुस्तक मात्र विसाव्या शतकातही छापले जात राहिले.