मान फिरवून पुढे केलेला हात

‘‘नाना, त्यानं मान का फिरवली?’’

हा प्रश्न माझ्या सात वर्षांच्या नातीचा. आम्ही दोघं टीव्हीसमोर बसून ‘हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन’ हा चित्रपट पाहत होतो. तिनं तो चार-पाच वेळा पाहिलेला, मी पहिल्यांदाच. कार्टून म्हणजे उड्या, आपटाआपटी आणि आरडाओरडा अशी माझी समजूत होती. म्हणून मी हातात वर्तमानपत्र घेऊनच बसलो होतो. पण तिच्या प्रश्नानं ते बाजूला ठेवायला लावलं.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल, त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगतो. बर्क नावाचं एक थंडगार बेट आहे. तिथं व्हायकिंग लोक राहतात. रात्री-अपरात्री ड्रॅगन येतात, घरं जाळतात, मेंढ्या पळवतात. पिढ्यान्‌पिढ्या वैर चालू आहे. गावच्या सरदाराचा मुलगा हिकप हा काडीपैलवान. त्याच्या हातून कुऱ्हाड उचलत नाही, म्हणून त्याला लोहाराच्या हाताखाली ठेवलेलं. पण डोकं तल्लख. तो फासा फेकणारं एक यंत्र तयार करतो आणि एका रात्री अंधारात नेम धरतो. ज्या काळ्या ड्रॅगनला आजवर कुणी नीट पाहिलेलंसुद्धा नाही, तो नेमका खाली पडतो.

दुसऱ्या दिवशी रानात तो ड्रॅगन दोरांत गुरफटलेला सापडतो. हिकप सुरी उगारतो. पण त्याच्यानं ती चालवत नाही. तो दोर कापून त्याला सोडून देतो. मात्र ड्रॅगनला उडता येत नाही. त्याच्या शेपटीला दोन बाजूंना दोन पंख असतात, त्यातला डावा गेलेला असतो. कुणामुळे? हिकपमुळेच.

माझ्या मते साऱ्या गोष्टीचं मूळ इथं आहे. जखमी जनावर सापडलं, मुलानं त्याची सेवा केली, मैत्री जमली, अशा कथा आपण पुष्कळ वाचल्या. इथं जखम करणारा आणि मलम लावणारा एकच आहे.

मूळ पुस्तक क्रेसिडा कॉवेल या इंग्रज लेखिकेचं, २००३ सालचं. लहानपणी त्यांच्या सुट्ट्या स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका निर्जन बेटावर जात. बर्कचं बीज तिथलं. पुस्तकातला टूथलेस, म्हणजे ‘बोळका’ म्हणा ना, हा एक चिमुकला, हट्टी ड्रॅगन आहे. ख्रिस सँडर्स आणि डीन डेब्लॉय या दिग्दर्शकांनी २०१० साली चित्रपट केला तेव्हा त्याला मोठा, काळाभोर आणि जखमी केला. याच जोडीनं २००२ मध्ये ‘लिलो अँड स्टिच’ केला होता. त्यातही एका एकट्या मुलीची एका विचित्र प्राण्याशी मैत्री होती.

आता नातीच्या प्रश्नाकडे येतो. तो प्रसंग काही मिनिटांचा आहे आणि त्यात संवाद जवळजवळ नाहीतच, बाकी सारं जॉन पॉवेल यांचं संगीत. हिकप मासा घेऊन येतो. त्याच्या कमरेची सुरी पाहून ड्रॅगन गुरगुरतो. सुरी दूर टाकल्यावरच तो मासा घेतो आणि अर्धा परत ओकून पाहुणचार करतो! हिकप वाळूत त्याचं चित्र काढतो. ते पाहून ड्रॅगन झाडाची फांदी तोंडात धरून स्वतःही रेघोट्या ओढतो. हिकपचा पाय रेघेवर पडला की तो चिडतो. मग हिकप एकेक रेघ चुकवत, जपून पावलं टाकत त्याच्यापाशी पोचतो. हात पुढे करतो. ड्रॅगन मागे सरकतो. तेव्हा हिकप डोळे मिटतो, मान दुसरीकडे फिरवतो आणि हात तसाच पुढे धरून उभा राहतो. क्षणभरानं ड्रॅगन आपलं नाक त्या तळव्याला लावतो.

मान का फिरवली? कुत्र्यामांजरांची सवय असलेल्यांना ठाऊक आहे, अनोळखी जनावराच्या डोळ्याला डोळा भिडवणं ही त्याला धमकी वाटते. मान फिरवणं म्हणजे, ‘‘मी माझ्याकडून आलो. पुढचं पाऊल टाकायचं की नाही, ते तू ठरव.’’ मैत्री मागताना समोरच्याला नकार देण्याचीही मोकळीक हवी. नातीला मी एवढंच सांगितलं, ‘‘बेटा, तो हुकूम करत नाही, विचारतो आहे.’’

चित्रपटात एक पोथी आहे, ड्रॅगनांची माहिती देणारी. जवळजवळ प्रत्येक जातीपुढे एकच सल्ला : दिसताच मारा. टूथलेसच्या जातीचं पान मात्र कोरं. चित्र नाही, आकार माहीत नाही. मजकूर आहे तो फक्त भीतीचा. पुढे हिकपला कळतं की हे ड्रॅगन मेंढ्या पळवतात तेही भीतीपोटी. एका महाकाय ड्रॅगनचं पोट त्यांना भरावं लागतं, नाहीतर तो त्यांनाच खातो.

हे पान पाहताना मला हसूही आलं आणि थोडं टोचलंही. मी मराठीत कविता लिहितो. कार्यक्रमात माझं नाव ऐकून ‘‘अहो, तुमचं मराठी किती छान आहे!’’ असं मनापासून म्हणणारे आजही भेटतात. मला राग येत नाही. त्यांच्या पोथीत माझं पान कोरं असतं, इतकंच. आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही अशा काही पोथ्या आहेत. न भेटलेल्या माणसांविषयी मीही त्यातूनच बोलत आलो आहे.

पण मला त्या रात्री झोप लागली नाही, ती वेगळ्या कारणानं. माझं बालपण येवल्याचं. संक्रांतीला तिथं तीन दिवस आभाळ पतंगांनी भरतं. १९८१ची संक्रांत असेल, मी अकरा वर्षांचा होतो. आसारी माझ्या हातात होती. मांजाला एकदम हिसका बसला आणि शेजारच्या गच्चीवर एक घार कोसळली. पंख कापला गेला होता. मांजा माझाच होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती.

आम्ही तिला कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यात ठेवलं. हळद लावली. मी रोज खाटिकाकडून मटणाचे बारीक तुकडे आणायचो. ती माझ्या हातून खायला लागली, तेव्हा मी गल्लीभर मिरवलो, ‘‘मी घार पाळली!’’ अब्बा पैठणीच्या मागावर बसलेले होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘खाणं तर तुरुंगातही मिळतं, पोरा.’’ भाद्रपदातल्या एका सकाळी ती खुराड्यात मरून पडलेली दिसली. ती पुन्हा कधीच उडाली नाही.

हिकप मासे देऊन थांबत नाही. लोहारशाळेत रात्र रात्र जागून तो चामड्याचा आणि लोखंडाचा नवा शेपूट-पंख तयार करतो. पण त्यात एक मेख आहे. तो पंख हिकपच्या पायाखालच्या कळीनं उघडतो-मिटतो. म्हणजे हिकप पाठीवर असेल तरच टूथलेस उडणार. शेवटच्या लढाईत हिकपही डावा पाय गमावतो आणि लोखंडी पायावर उभा राहतो. दोघंही डाव्या अंगानं अधू. एकमेकांवाचून दोघांनाही आभाळ नाही.

गोष्ट इथं संपली असती तरी गोड वाटली असती. पण मला मोठी वाटते ती पुढची वाट. २०११ सालच्या छोट्या चित्रपटात हिकप टूथलेसला आपला आपण चालवता येईल असा पंख भेट देतो. टूथलेस उडून जातो, परत येतो आणि तो पंख आपटून मोडून टाकतो. त्याला मित्रासोबतच उडायचं असतं. २०१९ सालच्या तिसऱ्या चित्रपटात हिकप तसाच पंख पुन्हा करून देतो. टूथलेसला आता जोडीदारीण भेटली आहे. या वेळी तो जातो, आणि हिकप त्याला जाऊ देतो. आधी राहण्याचं स्वातंत्र्य, मग जाण्याचं.

आपल्या मराठीत ‘पाळणं’ हे क्रियापद मजेशीर आहे. आपण कुत्रा पाळतो, पोपट पाळतो. आणि शब्दही पाळतो. मी घार पाळली होती, पण तिच्याशी पाळायचा शब्द मला कळला नव्हता. हिकपला कळला. ज्याचं उडणं आपण हिरावलं, त्याला नुसतं खाऊ घालून भागत नाही. त्याचं आभाळ त्याला परत द्यावं लागतं. देता येत नसेल, तर निदान मिरवू तरी नये. त्यानंतर मी हातात आसारी धरलेली नाही. पण ते प्रायश्चित्त नव्हे, हे मला माहीत आहे.

डीन डेब्लॉय यांनीच २०२५ साली ही गोष्ट खऱ्या नटांना घेऊन पुन्हा पडद्यावर आणली. घरातल्या मुलांबरोबर कोणताही एक जरूर पाहा. वर्तमानपत्र मात्र बाजूला ठेवून.

आमच्या जिन्यात एक भटकं मांजर येतं. हल्ली नात रोज संध्याकाळी तिसऱ्या पायरीवर बसते. हात पुढे, मान भिंतीकडे. मांजर अजून जवळ आलेलं नाही. तिची काही तक्रार नाही.