संहितानिष्ठ संगणकीय खेळांची आवाहकता : कलगी-तुऱ्याच्या अनुषंगाने

औसा (जि. लातूर) येथील भुईकोट किल्ल्याचे वर्णन इतिहासग्रंथात एका पद्धतीने येईल, प्रवासलेखनात दुसऱ्या. तिसरी एक पद्धत अशी : ‘तुम्ही खंदकाच्या काठावर उभे आहात. समोर तटबंदी आहे. बुरुजावर तोफ दिसते. वाट उत्तरेकडे जाते. येथे आणखी दोघे जण आहेत.’ येथे वर्णन थांबते आणि वाचकाची वाट पाहते. वाचकाने ‘उत्तर’ हा शब्द टंकित केला की पुढचा परिच्छेद उमटतो. शेवटच्या वाक्यातील ‘दोघे जण’ ही कल्पित पात्रे नसतात. त्याच क्षणी अन्यत्र संगणकासमोर बसलेली ती माणसे असतात. किल्ल्याचे उदाहरण केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले असले, तरी ‘मड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांची मूळ रचना एवढीच आहे.

‘अनेकांचे तळघर’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाचे ‘मड’ हे आद्याक्षररूप. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 1978 मध्ये असा पहिला खेळ रचला. त्यात संपत्ती शोधून दलदलीत टाकली की गुण मिळत; पुरेसे गुण जमल्यावर खेळाडू ‘मांत्रिक’ होई आणि इतरांना नसलेले अधिकार त्याच्या हाती येत. पुढे 1990 मध्ये पॅव्हेल कर्टिस यांनी अमेरिकेत सुरू केलेल्या ‘लॅम्डामू’मध्ये तर सामान्य सहभागी व्यक्तीही नवी दालने ‘बांधू’ शकत असे. बांधायची म्हणजे लिहायची. वाचक आणि लेखक यांतील सीमारेषा पुसली जाण्याची चर्चा समीक्षेत पुष्कळ झाली. येथे ती रोजच्या व्यवहारात पुसली गेली.

चित्रमय खेळांची एवढी रेलचेल झाल्यावरही हा प्रकार संपला नाही. 1997 मध्ये सुरू झालेला ‘अकाया’ हा खेळ पाव शतकानंतरही खेळला जात होता. याचे एक कारण माध्यमातच आहे. 1978 मधील संगणकीय चित्र आज ओबडधोबड वाटते. त्याच वर्षीचे चांगले वाक्य मात्र जुने होत नाही, कारण त्यातला बुरुज वाचक स्वतः रचतो. दुसरे कारण सहवासाचे आहे, आणि ते समजून घेण्यासाठी मराठीच्या अभ्यासकाला दूर जावे लागत नाही.

कलगी-तुऱ्यात दोन फड समोरासमोर येतात. कलगीपक्ष शक्तीला श्रेष्ठ मानतो, तुरापक्ष शिवाला. एकाने भेदिक सवाल टाकायचा, दुसऱ्याने पद्यातच जबाब द्यायचा. डफ-तुणतुण्याखेरीज साधन नाही, नेपथ्य नाही, पुराणातले सारे विश्व शब्दांनी उभे राहते आणि पुढचा शब्द कोणता येईल हे कोणालाच ठाऊक नसते. बाडांत रचना टिकतात, प्रसंग टिकत नाही. बार्टल यांनी 1996 च्या एका लेखात खेळाडूंचे चार प्रकार सांगितले : गुण मिळवणारे, शोध घेणारे, संगतीसाठी येणारे आणि इतरांना नामोहरम करणारे. रात्रभर चालणाऱ्या सवाल-जवाबाला जमलेल्या मंडळींत हे चारही ओळखू यावेत. अर्थात साम्य ताणू नये. फडात गायक व श्रोते एकमेकांना पाहतात. मडमध्ये प्रत्येकाच्या मुखावर शब्दांचाच मुखवटा असतो.

त्या मुखवट्याचे गांभीर्य 1993 मध्ये दिसले. लॅम्डामूतील एका सहभागी व्यक्तीने इतरांच्या पात्रांच्या नावे अश्लील, हिंसक कृतींची वाक्ये सर्वांसमोर उमटवली. घडले ते केवळ शब्दांत. पीडितांना झालेला क्लेश मात्र खरा होता. ते पात्र काढून टाकण्यात आले आणि पुढे त्या वस्तीत अर्ज व मतदानाची पद्धत आली. उक्ती हीच कृती असते हा भाषातत्त्वज्ञानातील सिद्धान्त समजावण्यास याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. याच शब्दनिष्ठतेचा दुसरा परिणाम सुखद आहे : पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीमुळे दृष्टिहीन खेळाडू येथे इतरांच्या बरोबरीने वावरतो. त्याच्यासाठी खेळ पुन्हा श्राव्य होतो.

मराठीत असा खेळ रचायचा तर काय अडेल? प्रथम लिंग. इंग्रजीतील मध्यमपुरुषी सर्वनामाला व क्रियापदाला लिंग नसते. लॅम्डामूत तर स्त्री-पुरुषांखेरीज अन्य लिंगेही निवडता येत. मराठीत ‘तू आलास’ की ‘तू आलीस’ हे ठरवावेच लागते. ‘तुम्ही आलात’ म्हणून आदरार्थी बहुवचनाचा आडोसा घेता येईल. पण इतरांना कळवताना ‘ते आले’ की ‘त्या आल्या’ हा प्रश्न उरतोच. मात्र परलिंगी ‘मी’ मराठी काव्याला नवा नाही. तुकारामांच्या विराण्यांत, गौळणींत, शाहिरांच्या लावण्यांत पुरुषाने स्त्रीच्या वाणीने बोलण्याची रीत रुळलेली आहे. क्रियापदाचा प्रत्यय तेथे अडचण न होता मुखवट्याचे काम करतो.

दुसरी अडचण लिपीची होती. आरंभीच्या खेळांना आधारभूत असलेल्या सात-बिटी संकेतप्रणालीत देवनागरीला जागा नव्हती. 1991 मध्ये भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे मानक आले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली, आणि कालांतराने हा अडसर दूर झाला. व्याकरणाचा अडसर मात्र वेगळ्या जातीचा आहे. इंग्रजी आज्ञेत आधी क्रियापद, मग नाम. यंत्राला शब्दक्रमावरून कर्म कळते. ‘राक्षसाला तलवारीने मार’ आणि ‘तलवारीने राक्षसाला मार’ या दोहोंचा अर्थ एकच, कारण येथे काम क्रम करत नाही, विभक्ती करते. शिवाय खोलीच्या वर्णनात ‘घोडा’ असतो आणि खेळाडू ‘घोड्याला’ लिहितो. सामान्यरूपाचे जे प्रकरण व्याकरणाच्या तासाला वर्गाला कंटाळवाणे वाटते, ते यंत्राला शिकवल्याखेरीज त्या खेळातला घोडा जागचा हलणार नाही.