झोपलेल्या संगणकाला जागे कोण करते?

रात्री लॅपटॉप मिटून पिशवीत ठेवावा आणि सकाळी तो तापलेला, बॅटरी जवळजवळ संपलेली आढळावी, हा अनुभव अनेकांना येतो. खापर बॅटरीवर फुटते. प्रत्यक्षात पुष्कळदा कुणीतरी संगणकाची झोप मोडलेली असते. तो कोण, याचा शोध 'ड्रायव्हर'पाशी येऊन पोहोचतो.

ड्रायव्हर म्हणजे कार्यप्रणाली आणि उपकरण यांच्यातील दुभाषा. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये 'एसीपीआय' हे मानक जाहीर केले आणि बायोसकडे असलेला झोपेचा कारभार कार्यप्रणालीच्या हाती आला. 'एस-३' या अवस्थेत प्रोसेसर बंद असतो, मेमरीला मात्र जेमतेम वीज मिळत राहते. उपकरणांच्या पायऱ्या निराळ्या: 'डी-०' म्हणजे पूर्ण जागे, 'डी-३' म्हणजे गाढ झोप.

झोपेचा आदेश आला की आधी माउस, मग तो ज्याला जोडलेला आहे तो यूएसबी हब आणि शेवटी त्या हबचा नियंत्रक, असा क्रम पाळला जातो. प्रत्येक ड्रायव्हर हातातले काम थांबवतो, उपकरणाची स्थिती टिपून ठेवतो आणि वीज कमी करतो. ज्या उपकरणाला उठवण्याची मुभा आहे, त्याला मात्र तो पहाऱ्यावर बसवतो. नेटवर्क कार्डाचा पहारा मोठा गमतीचा आहे. १०२ बाइटांचा एक ठरावीक संदेश, म्हणजे आधी सहा वेळा २५५ हा आकडा आणि मग कार्डाचा स्वतःचा पत्ता सोळा वेळा, एवढाच त्याला ओळखायचा असतो. तो दिसताच कार्ड इशारा देते व मुख्य वीजपुरवठा सुरू होतो.

खरी कसोटी पुढेच असते. उठताना क्रम उलटा होतो. आधी नियंत्रक, शेवटी माउस. गाढ झोपेत वीज तुटल्याने उपकरण सारे विसरलेले असू शकते. ड्रायव्हरला टिपून ठेवलेली स्थिती त्याला पुन्हा शिकवावी लागते. 'त्याला आठवत असेल' असे गृहीत धरणारा ड्रायव्हर भेटला, की संगणक उठतो पण वाय-फाय उठत नाही, किंवा पडदा काळाच राहतो.

आणखी एक पेच आहे. झोपण्याची तयारी चालू असतानाच उठवणारा इशारा आला तर? तो हरवण्याचा धोका होता. लिनक्सने २०१० मध्ये २.६.३६ या आवृत्तीत यावर साधा उपाय केला: अशा इशाऱ्यांची मोजणी ठेवायची आणि दरम्यान आकडा बदलला, तर झोपच रद्द करायची.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, नवी रीत आली. अनेक नव्या लॅपटॉपांत 'एस-३' नाहीच. पडदा मिटला तरी संगणक अगदी कमी विजेवर जागाच असतो. अशा वेळी एकच उपकरण स्वस्थ बसले नाही, तरी बॅटरी संपते.

जुन्या धाटणीच्या संगणकात विंडोजच्या 'पॉवरसीएफजी' या आज्ञेला 'लास्टवेक' जोडले, की शेवटचा उठवणारा कळू शकतो. तो माउस निघाला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याची मुभा काढून घेता येते. कीबोर्डची ठेवलेली बरी. नव्या लॅपटॉपांसाठी याच आज्ञेचा 'स्लीपस्टडी' अहवाल आहे. कोणत्या उपकरणाने किती वेळ झोप लागू दिली नाही, हे त्यात पाहता येते.