चौकट : मेमरीतला एक बाइट शोधताना

सी भाषेत मेमरीच्या सलग तुकड्यात एखादा बाइट शोधायचा, तर 'मेमसीएचआर' हे फंक्शन वापरतात. १९८९च्या पहिल्या अमेरिकी प्रमाणकापासून ते भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत आहे.

काय द्यायचे : सुरुवातीचा पत्ता, शोधायचे मूल्य आणि किती बाइट तपासायचे ती संख्या.

काय मिळते : पहिल्या जुळणाऱ्या बाइटचा पत्ता, नाही सापडला तर 'नल'. मिळालेल्या पत्त्यातून सुरुवातीचा पत्ता वजा केला की स्थान कळते. 'नल' आहे का, हे मात्र त्याआधी तपासायलाच हवे.

शून्याचा अडथळा नाही : समजा बाइट आहेत ५२, ०, ६५, ४६ आणि शोधायचा आहे ६५. मजकुरासाठीचे 'एसटीआरसीएचआर' दुसऱ्याच बाइटला, शून्यापाशी थांबते आणि 'नल' देते. 'मेमसीएचआर' पुढे जाऊन तिसऱ्या बाइटचा पत्ता देते. म्हणूनच चित्रांच्या फाइली, नेटवर्कवरून आलेली पाकिटे अशा बायनरी डेटासाठी तेच योग्य.

वेग कुठून येतो : ६४-बिट यंत्रांवर चांगल्या लायब्रऱ्या एकेक बाइट न पाहता ८, १६ किंवा ३२ बाइट एकदम तपासतात. स्वतः लिहिलेले साधे लूप सहसा इतके वेगवान नसते.

मराठीसाठी खबरदारी : यूटीएफ-८मध्ये 'म' म्हणजे २२४, १६४, १७४ असे तीन बाइट. हे फंक्शन एकच बाइट शोधते. त्यामुळे देवनागरी अक्षरासाठी पूर्ण क्रमच शोधावा लागतो.