झेड-मशीन: बंद पडलेल्या कंपनीचा चालू राहिलेला संगणक

अमेरिकेत १९७९ साली स्थापन झालेल्या इन्फोकॉम कंपनीपुढे अडचण अशी होती की, त्या काळी प्रत्येक घरगुती संगणकाची घडण निराळी असल्याने ‘झॉर्क’सारखा केवळ मजकुरातून उलगडणारा खेळ प्रत्येकासाठी नव्याने लिहावा लागला असता.

म्हणून झेड-मशीन हा आभासी, म्हणजे प्रत्यक्षात कुठेही नसलेला संगणक आखण्यात आला; असे सर्व खेळ त्याच्यासाठीच लिहिले गेले आणि खऱ्या यंत्रागणिक बदलावा लागे तो केवळ ‘इंटरप्रिटर’, म्हणजे दुभाष्याचे काम करणारा छोटा प्रोग्रॅम. ही दूरदृष्टी विलक्षणच म्हणावी लागेल.

१९८९ मध्ये कंपनी बंद पडली, तरी हौशी अभ्यासकांनी कथा-फाइलींची, म्हणजे खेळ साठवलेल्या फाइलींची, रचना उलगडून ‘फ्रॉट्झ’सारखे नवे इंटरप्रिटर घडवल्यामुळे ते खेळ आजच्या मोबाइलवरही चालतात.

त्याहून मोलाचे म्हणजे, ग्रॅहम नेल्सन यांनी १९९३ मध्ये ‘इन्फॉर्म’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा सिद्ध केल्याने त्याच आभासी यंत्रासाठी नव्या कथा लिहिल्या जाऊ लागल्या. २००६ च्या ‘इन्फॉर्म ७’ मध्ये तर खोल्या, वस्तू आणि नियम साध्या इंग्रजी वाक्यांतच मांडता येतात.